शाळा सुटण्याआधी कॉलेज

(युवा अभ्यास शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



मला दिलेल्या विषयाचं इंग्रजी नाव जरा जड आहे: ड्युअल एन्रोलमेंट. आपण त्याला दुहेरी प्रवेश म्हणू. विद्यार्थी शाळेत असतानाच कॉलेजातही नाव नोंदवतो. तिथला एखादा विषय शिकतो, परीक्षा देतो आणि पास झाला की तो विषय शाळेच्या हिशेबात जमा होतो आणि कॉलेजच्याही. मेहनत एकदा, नोंद दोनदा. अमेरिकेत ही पद्धत चांगलीच रुजली आहे. २०२२-२३ या वर्षात तिथल्या सुमारे २५ लाख शाळकरी मुलांनी असा कॉलेजचा किमान एक विषय घेतला होता.

ऐकताना वाटतं, हे हुशार मुलांचे लाड आहेत. शाळा संपायच्या आधीच कॉलेजचे विषय कोण घेणार? नव्वद टक्केवाले. बऱ्याच ठिकाणी तसंच झालं आहे, त्याकडे मी नंतर येते. पण या कल्पनेची एक जुनी शाखा अगदी दुसऱ्या टोकाच्या मुलांसाठी निघाली होती. जी शाळा सोडण्याच्या बेतात आहेत, महिनोन् महिने दांड्या मारतात, ज्यांचे विषय राहिले आहेत, ज्यांच्यावर शिक्षकांनी पाणी सोडलं आहे, अशी मुलं. त्यांना सोपं काहीतरी देण्याऐवजी थेट कॉलेजात नेऊन बसवलं गेलं. मला त्या शाखेबद्दल बोलायचं आहे, कारण आपल्या मोहल्ल्यांतून दहावीच्या आसपास जी मुलं गायब होतात, त्यांच्या प्रश्नाशी तिचं नातं आहे.

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेत मांडला गेला, तेव्हा तुमच्यापैकी काही जण जन्मलेही नसतील. ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लीम मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधेच बाहेर पडली, असं त्यात नोंदलं होतं. त्याच अहवालात आणखी एक आकडा होता, जो कोणी फारसा सांगत नाही. शाळेच्या वयाच्या मुस्लीम मुलांपैकी मदरशात शिकणारी साधारण ३ टक्केच होती. म्हणजे ‘यांची मुलं मदरशात जातात म्हणून मागे राहतात’ हा आपल्याबद्दलचा लाडका समज आकड्यांपुढे टिकत नाही. त्यानंतरच्या वर्षांत प्राथमिक शाळेतली गळती कमी झाली, ही चांगली गोष्ट. आता गळतीचा जोर माध्यमिक टप्प्यावर आहे. नववी, दहावी, अकरावी.

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. अकरावीच्या हजेरीपटावर दिवाळीनंतर काही नावांसमोर नुसती शून्यं दिसू लागतात. चौकशी केली तर कळतं, मुलगा कामाला लागला. कुणी गॅरेजमध्ये, कुणी बेकरीत, भिवंडी-मालेगावकडे असेल तर लूमवर, कुणी मामाच्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात. मुलगी असेल तर उत्तर आणखी लहान असतं. ‘घरी आहे.’

या मुलांना शिकायचं नसतं, असं आपणही पटकन बोलून जातो. त्याच्या बाजूने विचार करून बघा. वर्गात तो शेवटच्या बाकावरचा ढ. गणित समोर आलं की मान खाली. तोच मुलगा गॅरेजमध्ये चार महिन्यांत गिअरबॉक्स उघडून परत बसवतो, उस्ताद त्याला ‘छोटे’ म्हणून हाक मारतो, गिऱ्हाईक त्याच्याशी बोलतं, शनिवारी हातात पैसे पडतात. पंधराव्या वर्षी माणूस म्हणून त्याला पहिल्यांदा मोजलं जातं ते तिथे. शाळा त्याला अजून मूलच समजते, तेही नापास मूल. मग तो कुठे जाईल?

न्यू यॉर्कमध्ये जॅनेट लिबरमन नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेने हाच प्रश्न जवळजवळ याच शब्दांत स्वतःला विचारला असावा. क्वीन्स भागात, लॉन्ग आयलंड सिटी या कारखान्यांच्या वस्तीत, १९७१ मध्ये लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज सुरू झालं होतं. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं, सरकारी पैशावर चालणारं, कमी फीचं कॉलेज. कामगार, बाहेरून आलेली कुटुंबं, नोकरी करून शिकणारी प्रौढ माणसं तिथे येतात. लाग्वार्डियाची इमारतही आधी कारखान्याचीच होती. त्या कॉलेजच्या आवारात १९७४ मध्ये लिबरमन यांच्या पुढाकाराने एक छोटी शाळा निघाली, मिडल कॉलेज हायस्कूल. प्रवेश कोणाला? शाळा सोडण्याचा धोका असलेल्या मुलांना. गैरहजेरी आणि राहिलेले विषय हीच एका अर्थी प्रवेशाची पात्रता.

या शाळेतली मुलं कॉलेजचीच लायब्ररी, कॉलेजचंच कँटीन, कॉलेजचीच व्यायामशाळा वापरत. तयारी झाली की फी न भरता कॉलेजच्या वर्गातही बसत. बाहेरच्या एखाद्या कार्यालयात किंवा संस्थेत काही काळ प्रत्यक्ष काम करणं हाही शिक्षणाचाच भाग होता. कामाला शिक्षणाचा शत्रू न मानता वेळापत्रकात जागा दिली, ही मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. आणि आजूबाजूला कोण? दिवसभर नोकरी करून संध्याकाळी वही घेऊन आलेली तिशीतली बाई, दोन मुलांचा बाप. अशा माणसांच्या शेजारी बसल्यावर सोळा वर्षांचं पोर कागदी बाण मारत नाही. त्याला कोणी शिस्त लावावी लागत नाही. त्या जागेचाच त्याच्यावर परिणाम होतो, हा लिबरमन यांचा अंदाज होता.

त्याच आवारात १९८५ मध्ये आणखी एक शाळा निघाली, इंटरनॅशनल हायस्कूल, नुकतीच अमेरिकेत आलेली आणि इंग्रजी न येणारी मुलं समोर ठेवून. उर्दू माध्यमातून दहावी करून इंग्रजी किंवा मराठीतल्या अकरावीत गेल्यावर ज्यांची जीभ अडकली, ते या खोलीतही असतील. भाषा येत नाही म्हणजे डोकं नाही, असं तिथे मानलं गेलं नाही, एवढंच सांगते. तो विषय वेगळ्या भाषणाचा आहे.

हे सगळं कानाला गोड लागतं. पण उपयोग झाला का? अशा प्रयोगांत नेहमी एक मेख असते. जी मुलं स्वतःहून अशा शाळेत येतात ती मुळातच जिद्दी असतात, मग निकाल शाळेमुळे की जिद्दीमुळे? २००२ पासून अमेरिकेत ‘अर्ली कॉलेज’ नावाने अशा शाळांची मोठी मोहीम सुरू झाली. अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्च या संस्थेने त्यांतल्या अशा शाळा निवडल्या जिथे जागांपेक्षा अर्ज जास्त होते आणि प्रवेश चिठ्ठ्या टाकून दिले जात. चिठ्ठी लागलेली आणि न लागलेली मुलं सारखीच इच्छुक, फरक फक्त नशिबाचा. २०१३ च्या अहवालात निकाल आले. हायस्कूल पूर्ण केलेली मुलं: चिठ्ठी लागलेल्यांत ८६ टक्के, इतरांत ८१ टक्के. फरक आहे, पण डोळे दिपवणारा नाही. पुढचा आकडा बघा. अभ्यास संपेपर्यंत हातात कॉलेजची पदवी आलेली, बहुतेकांची दोन वर्षांची: एका बाजूला २२ टक्के, दुसऱ्या बाजूला २ टक्के. गरीब घरातल्या मुलांना शाळा आणि कॉलेज यांच्यामधली दरी ओलांडणं जड जातं. ती दरीच काढून टाकली तर बरीच मुलं पुढे जातात, असा याचा साधा अर्थ.

आता नव्वद टक्केवाल्यांकडे येऊ. अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत दुहेरी प्रवेश सर्वांना खुला झाला, तेव्हा कॉलेजांनी दारावर अटी लावल्या. अमुक सरासरी गुण, अमुक प्रवेश चाचणी, कुठे फी, कुठे पुस्तकांचा खर्च स्वतःचा, कुठे कॉलेजपर्यंत जायला स्वतःची गाडी. परिणाम काय झाला असेल ते तुम्ही ओळखलं असेल. ज्यांच्यासाठी कल्पना निघाली ती मुलं बाहेर, आणि जी तशीही कॉलेजात जाणारच होती ती लवकर आत. कॅलिफोर्नियाला हे इतकं जाणवलं की २०१५ मध्ये तिथे वेगळा कायदा करावा लागला. दुहेरी प्रवेशाचे मार्ग आखताना जी मुलं अजून कॉलेजच्या वाटेवर नाहीत आणि ज्या समाजांचं प्रमाण उच्च शिक्षणात कमी आहे, त्यांचा विचार करा, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे, आणि त्या मार्गावरच्या विद्यार्थ्यांना फी माफ आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याकडेही उद्या असं काही सुरू झालं आणि दारावर ‘दहावीला किमान साठ टक्के’ अशी पाटी लागली, तर ते आपल्या मुलांसाठी नाही हे समजायला दुसरी पाटी लागणार नाही.

दार उघडं ठेवून मुलं टिकवायची कशी, याचं सर्वांत कामाचं उदाहरण ओरेगन राज्यातल्या पोर्टलँड कम्युनिटी कॉलेजचं आहे. २००० मध्ये त्यांनी गेटवे टू कॉलेज नावाचा कार्यक्रम सुरू केला, जो पुढे इतर राज्यांतल्या कॉलेजांनीही घेतला. सोळा ते वीस वर्षांची मुलं, एकतर शाळा सुटलेली किंवा इतकी मागे पडलेली की वेळेत पूर्ण होणं शक्य नाही. हायस्कूलचा दाखला आणि कॉलेजची क्रेडिट ही दोन्ही कामं ती कॉलेजातच करतात. शाळेला त्या मुलामागे मिळणारा सरकारी पैसा मुलाबरोबर कॉलेजकडे जातो, त्यामुळे बापाच्या खिशात हात घालावा लागत नाही.

पहिल्या सत्रात त्यांना मोठ्या वर्गात सोडत नाहीत. वीस-पंचवीस जणांचा एक गट सगळे तास एकत्र करतो. वाचन, लेखन, गणित, आणि कॉलेजात कसं राहायचं याचाही एक तास: नोट्स कशा काढायच्या, वेळ कसा लावायचा, सरांना भेटायला जाताना काय विचारायचं. शिकल्या-सवरल्या घरात हे कोणी शिकवत नाही, ते जेवताना कानावर पडतं. आपल्या घरांत ते कानावर पडत नाही, म्हणून त्याचा तास लागतो. त्यानंतरच मूल बाकीच्या कॉलेजात मिसळतं. आणि प्रत्येक मुलामागे एक ठरलेला माणूस असतो. तो विषय शिकवायला नसतो. मूल दोन दिवस दिसलं नाही की फोन करायचा, घरी आजारपण आहे का बघायचं, बसचे पैसे संपलेत का विचारायचं, हे त्याचं पगारी काम.

यात सगळं सुरळीत होतं असं नाही. पहिल्याच सत्रात गळणारी मुलं असतात. कॉलेजच्या विषयात नापास झालं तर तो शेरा कायमच्या गुणपत्रिकेवर राहतो आणि पुढे शिष्यवृत्ती मिळवताना आडवा येऊ शकतो. एका कॉलेजची क्रेडिट दुसरं कॉलेज मानेलच याची खात्री नसते. तरीही, शाळेत पुन्हा त्याच बाकावर बसवण्यापेक्षा हा रस्ता मला बरा वाटतो.

महाराष्ट्राकडे बघितलं की मला एक गंमत दिसते. लिबरमन यांनी १९७४ मध्ये शाळेतली मुलं कॉलेजच्या आवारात नेली. १९७५ च्या सुमारास आपल्याकडे नवा आकृतिबंध आला आणि अकरावी-बारावीचे वर्ग कनिष्ठ महाविद्यालय म्हणून कितीतरी ठिकाणी कॉलेजच्या इमारतींत भरू लागले. म्हणजे जागा आपण पन्नास वर्षांपूर्वीच दिली. तेच फाटक, तीच लायब्ररी. पण अकरावीच्या मुलाला शेजारच्या बी.ए.च्या वर्गातला एकही विषय घेता येत नाही, त्याच्या नावावर काही जमा होत नाही, आणि दिवाळीनंतर तो दिसेनासा झाला तर फोन करणं हे कोणाचंच ठरलेलं काम नाही. नुसत्या जागेने भागत नाही, याचा आपल्याइतका मोठा पुरावा जगात दुसरा नसेल!

कागदावर हालचाल आहे. २०२१ मध्ये क्रेडिटची बँक आली. २०२३ मध्ये शालेय, व्यावसायिक आणि उच्च शिक्षण या तिन्हींची क्रेडिट एकाच मापात मोजायचा राष्ट्रीय आराखडा जाहीर झाला. हे प्रत्यक्षात उतरलं तर गॅरेजमधल्या कौशल्याचीही कुठेतरी नोंद होऊ शकते. २०२२ मध्ये यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली, त्याची बातमी तुम्ही वाचली असेल. पण ज्याची दहावीच अडकली आहे त्याला दोन पदव्यांचं काय करायचं?

त्याला आज, या वर्षी उपयोगी पडतील असे तीन धागे आहेत. तिन्ही मी थोडे सविस्तर सांगते, कारण मोहल्ल्यात ते माहीत नसतात.

पहिला एटीकेटीचा. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी आपल्या बोर्डात अकरावीला प्रवेश घेता येतो आणि राहिलेले विषय सोबत सोडवता येतात. हा आपला घरगुती दुहेरी प्रवेशच म्हणा. पण निकालाच्या दिवशी घरात रडारड होते, ‘नापास’ हा एकच शब्द ऐकू येतो, आणि एटीकेटी म्हणजे काय हे सांगणारं कोणी घरात नसतं. निकालानंतर थोड्याच आठवड्यांत पुरवणी परीक्षा असते. तिचा फॉर्म भरायची मुदत फार लहान. ती गेली की मुलगा गॅरेजमध्ये गेलाच समजा.

दुसरा मुक्त शाळेचा, म्हणजे एनआयओएसचा. ही केंद्र सरकारची संस्था, १९८९ पासूनची. दहावीला वयाची अट किमान १४. एकदा नोंदणी केली की ५ वर्षं टिकते आणि त्यात परीक्षेच्या ९ संधी मिळतात. एकेक-दोनदोन विषय करून सोडवता येतात. आधीच्या बोर्डात पास झालेल्या दोन विषयांपर्यंत गुण इकडे आणता येतात. दहावीला मराठी आणि उर्दू माध्यमही आहे. आपल्याला सतरा नंबरचा फॉर्म ठाऊक असतो, पण तो भरून बाहेरून बसायचं तर सगळी परीक्षा बोर्डाच्या वेळापत्रकानेच द्यावी लागते. लूमवर पाळी करणाऱ्या मुलाला किंवा घरात आजारी आजी सांभाळणाऱ्या मुलीला पाच वर्षांची सवड जास्त सोयीची. एक सावधगिरी मात्र बाळगा. ‘घरबसल्या दहावी पास, गॅरंटी’ असे बोर्ड लावलेले एजंट गल्लोगल्ली आहेत आणि बोगस बोर्डांची प्रमाणपत्रंही विकली जातात. एनआयओएसच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा त्यांच्या मान्यताप्राप्त अभ्यासकेंद्रातूनच नाव नोंदवा.

तिसरा धागा आयटीआयचा, आणि दुहेरी प्रवेशाच्या सगळ्यात जवळ जाणारा हाच आहे. आयटीआयतल्या काही ट्रेडना दहावी नापासही चालतो, वायरमनचा त्यातलाच. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला आणि सोबत एनआयओएसमधून एक भाषा व मोजके विषय दिले, तर आठवीनंतर गेलेल्याला दहावीची आणि दहावीनंतर गेलेल्याला बारावीची बरोबरी मिळते. ट्रेडमध्ये घातलेली मेहनत शाळेच्या हिशेबातही धरली जाते. म्हणजे तेच, मेहनत एकदा, नोंद दोनदा. दहावी पास होऊन फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगलाही थेट दुसऱ्या वर्षात. चाळीस टक्क्यांनी दहावी झालेल्या मुलासमोर ही शिडी उभी आहे. आपल्या घरांत मात्र आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं असं समजतात, आणि आयटीआयच्या मुलांनाही बरोबरीच्या विषयांचं कोणी सांगत नाही. ते दोन-चार विषय न दिल्यामुळे हाताला काम आहे पण बारावी नाही अशी मुलं आपल्याकडे ढिगाने सापडतील.

मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं. ‘दहावी झाली, आता बस’ म्हणणारे सगळेच अब्बा शिक्षणाचे वैरी नसतात. कॉलेज लांब आहे, एसटी संध्याकाळी उशिरा येते, लोक बोलतील, आणि बारावी झालेल्या मुलीला स्थळ मिळत नाही अशी भीती असते. यातल्या शेवटच्या भीतीशी वाद घालायलाच हवा, आणि तो तुम्हीच घालू शकता, कारण स्थळं तुमच्याच वयाची आहेत. बारावी झालेली मुलगी नको म्हणणारा मुलगा या खोलीत कोणी आहे का? नसेल तर तसं आपल्या घरात मोठ्याने सांगा. बाकीच्या अडचणी सोडवता येण्यासारख्या आहेत. एका गावातून पाच मुली एकत्र निघाल्या की एसटीचा प्रश्न निम्मा होतो. कॉलेज खरोखरच शक्य नसेल तर एनआयओएसची बारावी घरून सुरू करता येते. मात्र नुसती नोंदणी करून घरी बसवलं तर पुस्तकं कपाटात राहतात. आठवड्यातून दोनदा पाच-सहा जणींनी कुठेतरी एकत्र बसणं गरजेचं आहे. एखाद्या शाळेची खोली, वाचनालय, कोणाच्या तरी आपाचं घर. ते पोर्टलँडचं पहिलं सत्र असतं ना, ते एवढंच असतं.

राहिला तो ठरलेला माणूस. सरकार आपल्याकडे त्याला कधी पगार देईल तेव्हा देईल, त्याची मागणी आपण करत राहू. कनिष्ठ महाविद्यालयात दर पन्नास मुलांमागे असा एक जण हवा, ही मागणी मी लेखी द्यायला तयार आहे, तुम्ही सह्या करा. पण यंदाच्या निकालापर्यंत ते होणार नाही. तोपर्यंत हे काम कॉलेजात पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलामुलींनी करायचं आहे. एकाने तीनच मुलं घ्यावीत, जास्त नको. फोन नंबर घ्यायचा, आठवड्याला एकदा बोलायचं, फॉर्मच्या तारखा स्वतःच्या मोबाइलमध्ये लावून ठेवायच्या. आणि निकालाच्या दिवशी ज्यांच्या घरी पेढे वाटले जात आहेत तिथे जाण्याआधी जिथे दार लोटलेलं आहे तिथे जायचं. जाताना पुरवणी परीक्षेची शेवटची तारीख आणि जवळच्या सरकारी आयटीआयमधल्या ट्रेडची यादी खिशात हवी. काही आयटीआयमध्ये अल्पसंख्याक विभागाने सुरू केलेल्या जादा पाळ्या आहेत, तुमच्या तालुक्यात आहेत का ते आधीच विचारून ठेवा. आई-वडिलांपुढे भाषण करू नका. कामाचं काय होणार, तो महिन्याला किती आणतो, तेवढे बंद झाले तर घर कसं चालेल, हे आधी ऐकून घ्या. अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस वर्ग जमतो का ते उस्तादशीही बोलून बघा. बरेच उस्ताद स्वतः सातवीत शाळा सोडलेले असतात, ते तुम्हाला वाटतं त्याहून लवकर ऐकतात.

बाहेरच्या टेबलावर वही ठेवली आहे. तीन मुलांची जबाबदारी घ्यायला जे तयार आहेत त्यांनी गाव, तालुका आणि फोन नंबर लिहावा. आता प्रश्न घेऊ. आधी मागच्या रांगेतल्या मुलींचे.